रंगांचे भावसाहचर्य आणि दृष्टीचे अवधान

एखादा रंग दृष्टीस प्रथम का खेचतो, याची दोन कारणे संभवतात : पार्श्वभूमीशी असलेला त्याचा विरोध आणि त्याच्याशी निगडित झालेला भाव. या दोहोंची फारकत करणे हेच खरे अवघड काम होय.

१९३५ मध्ये स्ट्रूप यांनी दाखविले की, ‘तांबडा’ या अर्थाचा शब्द हिरव्या शाईत छापला असता शाईचा रंग सांगण्यास विलंब लागतो. अर्थ नको असतानाही अवधान तिकडे वळतेच.

मराठीत हिरवा चुडा सौभाग्याचा, तर पांढरे कपाळ वैधव्याचे. पाश्चात्त्य वधूचा वेश मात्र पांढराच. काळा एरवी अशुभ. परंतु मंगळसूत्राचे मणी काळे, संक्रांतीची चंद्रकलाही काळी. तात्पर्य, भाव केवळ रंगास नव्हे, तर रंग, वस्तू व प्रसंग यांच्या संयोगास चिकटलेला असतो.

म्हणून ‘काळा म्हणजे शोक’ असे परकीय समीकरण घेऊन मराठवाड्यातील विद्यार्थ्यांवर प्रयोग केल्यास निष्कर्ष फसवा ठरेल. तोच काळा मणी, त्याच प्रकाशात, एकदा मंगळसूत्रात व एकदा साध्या दोऱ्यात दाखवावा. दृष्टी एके ठिकाणी अधिक रेंगाळली, तर तो फरक निव्वळ रंगाचा म्हणता येणार नाही.