खुपरी गेली, पापणीतला केस राहिला



आपल्या कार्यक्रमात बियाणं, फवारणी, जनावरांचे रोग यांवर नेहमीच बोलणं होतं. या पत्रकात मात्र माणसाच्या डोळ्यांबद्दल लिहायचं आहे. खेडोपाडी एक तक्रार हमखास ऐकू येते : घरातल्या म्हातारीच्या डोळ्यात कुसळ गेल्यासारखं सारखं खुपतं, पाणी गळतं, उन्हाकडे बघवत नाही. डॉक्टर सांगतात, जुनी खुपरी आहे. आणि बातम्यांत तर ऐकलेलं असतं की खुपरी देशातून गेली. मग खरं काय मानायचं?

दोन्ही खरं आहे. कसं ते नीट समजून घेऊ.

खुपरी, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ट्रॅकोमा, हा एका जंतूचा रोग आहे. त्या जंतूचं नाव क्लॅमिडिया. हा जंतू मोठा चिवट आणि लपून राहणारा. तो माणसाच्या पेशीच्या आत शिरतो आणि तिथेच वाढतो, बाहेर त्याची वाढ होत नाही. म्हणूनच तो शास्त्रज्ञांच्या हाती लागायला फार वेळ गेला. १९०७ साली जावा बेटावर हाल्बरश्टेटर आणि प्रोवाझेक या दोघांनी रोग्याच्या पापणीतला खरवडलेला अंश ओरांगउटान माकडांच्या डोळ्यांत घातला, आणि पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या पोटात या जंतूंचे पुंजके पाहिले. पण जंतू वेगळा काढून वाढवता येईना. ते जमलं पन्नास वर्षांनी, बीजिंगमध्ये. तांग फेइफान या चिनी शास्त्रज्ञाने कोंबडीच्या अंड्यातल्या बलकाच्या पिशवीत तो वाढवला आणि १९५७ साली ते प्रसिद्ध केलं. एवढ्यावर न थांबता त्यांनी तो जंतू स्वतःच्या डोळ्यात घालून घेतला आणि रोग होतो हे दाखवून दिलं. असं धाडस दुसऱ्या कोणी करू नये, पण त्या माणसाच्या जिद्दीला दाद द्यायलाच हवी.

आता रोग कसा चालतो ते पाहा. लागण होते लहानपणी, बहुतेक वेळा शाळेत जायच्या आधीच. मुलाचे डोळे लाल होतात, चिपडं येतात. वरची पापणी उलटून पाहिली तर आत साबुदाण्यासारखे बारीक दाणे दिसतात. एकदा लागण झाली आणि बरी झाली, तर फारसं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते पुन्हा पुन्हा लागण झाल्याने. दर वेळी पापणीच्या आतल्या बाजूला सूज येते, ती ओसरताना बारीक व्रण राहतात. वर्षानुवर्षं असे व्रण साठत गेले की ओली चामड्याची वादी वाळल्यावर जशी आकसते आणि वळते, तशी पापणी आतून आकसते. तिची कड आत वळते. मग पापणीचे केस बुबुळावर टेकतात, आणि माणूस जितक्या वेळा डोळा मिटतो-उघडतो तितक्या वेळा ते बुबुळ खरवडतात.

दुसरंही एक नुकसान होतं, ते दिसत नाही. डोळ्यावर सतत अश्रूंचा एक पातळ थर असतो. त्यात नुसतं पाणी नसतं. पापणीच्या कडेच्या ग्रंथींतून आलेलं तेल असतं, आणि आतल्या नाजूक त्वचेतून आलेला चिकट स्राव असतो. अंगण सारवताना हात फिरवतो ना, तशी पापणी हा थर दर मिटण्यासरशी डोळ्यावर पसरवते. व्रणांमुळे या ग्रंथी मरतात. डोळ्यातून पाणी गळत असलं तरी डोळा आतून कोरडाच राहतो, कारण त्या पाण्याला धरून ठेवणारं काही उरत नाही. कोरड्या बुबुळावर केसाचा ओरखडा, त्यात शेतातली धूळ, त्यात जंतू. जखम होते, चिघळते, आणि ती भरली तरी पांढरा डाग राहतो. यालाच आपण डोळ्यात फूल पडलं म्हणतो.

लागण बालपणी होते, पण केस आत वळतात ते बहुधा तिशी-चाळिशीनंतर, कधी त्याहूनही उशिरा. १९६३ साली देशात खुपरी नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश अशा कोरड्या मुलखात हा रोग घरोघरी होता. १९७१ साली देशातल्या एकूण अंधत्वापैकी ५ टक्के खुपरीमुळे होतं. पुढे ते १ टक्क्याच्याही खाली आलं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं की भारतात खुपरी हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिलेला नाही. याचा अर्थ नीट लावा. १ ते ९ वर्षांच्या मुलांत लागण ५ टक्क्यांहून कमी, आणि १५ वर्षांवरच्या माणसांत, ज्यांच्यावर अजून उपचार व्हायचे आहेत असे केस वळलेले रोगी हजारी दोनाहून कमी, असं ते माप आहे. म्हणजे शून्य नव्हे. ज्यांना लहानपणी खुपरी झाली ते आज म्हातारे आहेत. त्यांच्यातला जंतू कधीच गेला, पण व्रण आपलं काम करतच राहतो. अशा डोळ्याला जंतू मारणाऱ्या औषधाने आराम पडणार नाही.

यात बायका जास्त सापडतात. जगभरच्या पाहण्यांत केस आत वळण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त आढळतं, काही ठिकाणी चौपट. कारण सरळ आहे. चिपडं आलेलं पोर दिवसभर आईच्या नाहीतर आजीच्या कडेवर असतं. त्याच पदराने पोराचे डोळे पुसायचे, त्याच पदराने स्वतःचे.

रोग आटोक्यात कशाने आला, यावर बरंच संशोधन झालं आहे आणि ते आपल्याला कळण्यासारखं आहे. पूर्वी टेट्रासायक्लिनचं मलम सहा आठवडे दिवसातून दोनदा लावावं लागे. पोरं रडतात, आया कंटाळतात, औषध अर्ध्यावर सुटतं. १९९३ साली गांबिया या आफ्रिकेतल्या देशात झालेल्या प्रयोगात दिसलं की ॲझिथ्रोमायसिनचा तोंडाने घ्यायचा एकच डोस तेवढंच काम करतो. मग रोगट गावात घरटी सगळ्यांनाच औषध द्यायची पद्धत पडली. हे आपल्या कीडनियंत्रणासारखंच आहे. एकट्याने फवारून भागत नाही, शेजारच्या रानातून कीड परत येते.

पण नुसत्या औषधानेही भागलं नाही. त्याच गांबियातल्या एका गावात पाहणी केली, तेव्हा दिसलं की खुपरी असलेल्या घरात पोरांच्या अंगा-तोंडाला पाणी कमी वापरलं जात होतं, मग विहीर जवळ असो की लांब. टांझानियात ज्या मुलांचे चेहरे सतत स्वच्छ ठेवले गेले, त्यांच्यात जोराचा रोग कमी आढळला. म्हणजे टंचाईतसुद्धा तांब्याभर पाण्यातलं थोडं पोरांच्या तोंडासाठी राखून ठेवणं परवडतं.

आणि माश्या. डोळ्यांवर घोंघावणारी माशी घरमाशीची बहीण, पण वेगळ्या जातीची. तिला अंडी घालायला उघड्यावरची माणसाची विष्ठा लागते. संडासाच्या खड्ड्यात ती वाढत नाही. गांबियात संडास बांधलेल्या गावांत मुलांच्या डोळ्यांवरच्या माश्या सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्या. संडास बांधून त्यात कडबा भरून ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

आता म्हाताऱ्या माणसांसाठी काय करायचं ते सांगतो. हात धुवून, त्यांना उजेडात बसवा. समोर बघायला सांगा आणि वरच्या पापणीची कड जवळून न्याहाळा. एखादाही केस बुबुळाला टेकलेला दिसला, तर जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागात न्या. पापणी बाहेर वळवण्याची शस्त्रक्रिया छोटी असते. सुई देऊन जागा बधिर करतात, आणि बहुधा माणूस त्याच दिवशी घरी येतो. ओमानमध्ये निरनिराळ्या पद्धती ताडून पाहिल्या गेल्या, त्याचे निष्कर्ष १९९२ साली आले, आणि त्यातून कोणती पद्धत जास्त टिकते हे कळलं. तरी काहींचे केस पुन्हा वळतात, म्हणून वर्षा-सहा महिन्यांनी परत पाहावं लागतं. चिमट्याने केस उपटले तर घडीभर बरं वाटतं, पण केस परत उगवतो, आणि आखूड खुंट जास्तच टोचतो.

उशीर मात्र करू नका. पडलेलं फूल या शस्त्रक्रियेने जात नाही, पुढचं वाचतं एवढंच. दुसऱ्याचं बुबुळ बसवायचं म्हटलं तरी अशा कोरड्या डोळ्यात ते नीट धरत नाही.

ज्यांना खुपरी नाही त्यांच्याही बुबुळाला मळणीच्या दिवसांत धोका असतोच. मळणीयंत्रापुढे साधा चष्मा तरी लावावा. कुसळ किंवा तूस गेलं तर डोळा चोळू नका, पदराच्या टोकाने काढत बसू नका. स्वच्छ पाण्याने धुवा, आणि खुपणं थांबलं नाही तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. शेतातल्या काडीकचऱ्याच्या जखमेत बुरशी शिरते. मध, लिंबू, बाळंतिणीचं दूध, यातलं काहीही घालू नका. सगळ्यात वाईट म्हणजे कोणाच्या तरी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेले थेंब. त्यांत बहुधा स्टिरॉइड असतं. त्याने लाली उतरते, बरं वाटतं, आणि आत बुरशी जोमाने वाढते.

तान्ह्या बाळाचे डोळे जन्मानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुजले, पू आला, तर तो क्लॅमिडियाच असू शकतो, आईकडून प्रसूतीत आलेला. नुसत्या डोळ्यांतल्या थेंबांवर विसंबू नये. बाळाला पोटात औषध लागतं, आणि आई-वडील दोघांनाही उपचार घ्यावे लागतात.

दवाखान्यात जाताना घरात वापरलेल्या थेंबांच्या आणि मलमांच्या सगळ्या बाटल्या-नळ्या, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून सोबत न्या. डोळ्यात काय काय गेलं आहे हे डॉक्टरांना त्यावरून लगेच कळतं.