भंगारातली धारेची मशीन घेताना

सोयाबीनची सोंगणी तोंडावर आली की चांदूर रेल्वेच्या बाजाराच्या दिवशी धार लावणाऱ्यापाशी इळ्यांचा ढीग पडतो. कोणाला घाई नसते असं नाही, पण नंबर लागेपर्यंत अर्धा दिवस जातो. पूर्वी घिसाडी मंडळी बैलगाडी घेऊन गावात यायची, भाता पेटवायची, खुरपं-इळा-पास ठोकून, पाजवून द्यायची. आता ती वर्षाकाठी येतील तेव्हा येतील. म्हणून बऱ्याच गटांतून एकच विचारणा होते : आपणच एक धार लावायची मशीन घेतली तर? नवी परवडत नाही, पण अमरावतीत, बडनेऱ्यात भंगारवाल्याकडे जुनी दिसते. ती घ्यावी का, आणि घेतली तर काय करावं, ते आज बोलू.

या मशीनला दुकानदार बेंच ग्राइंडर म्हणतात. मधे मोटर, मोटरीतून दोन्ही बाजूंना निघालेला एकच दांडा, आणि दांड्याच्या दोन टोकांना दोन दगडी चाकं. एक जाड दाण्याचं, एक बारीक. चाकांवर लोखंडी झाकण, आणि समोर हत्यार टेकवायला छोटी पट्टी. बस्स, एवढीच मशीन. यात बिघडण्यासारखं फार काही नसतं, म्हणूनच वीस-तीस वर्षं जुनी मशीनही पुन्हा उभी राहू शकते. उलट जुन्या मशीनचं अंग बिडाचं, वजनदार असतं. ती टेबलावर थरथरत नाही. माझं मत विचाराल तर पत्र्याच्या हलक्या नव्या मशीनपेक्षा बरी जुनी बिडाची कधीही चांगली.

पण भंगारात हिच्यासारख्या दिसणाऱ्या दोन वस्तू असतात, त्या ओळखा. एक म्हणजे पॉलिशची मोटर. तिचा दांडा लांब, टोकाकडे निमुळता, आणि चाकांवर झाकण नसतं. ती कापडी चाकाने भांडी चमकवायला असते, तिला दगड लावायचा नसतो. दुसरी वस्तू जास्त वाईट : कुठल्यातरी कूलरच्या किंवा पंपाच्या मोटरीला कोणीतरी वेल्डिंग करून बसवलेलं चाक. ना झाकण, ना टेकणपट्टी. ती फुकट दिली तरी घेऊ नका.

खऱ्या मशीनवर एक पाटी असते, पितळेची किंवा पत्र्याची. रॉकेलच्या बोळ्याने पुसली की अक्षरं दिसतात. त्यात तीन गोष्टी बघा. पहिली, फेज. आपल्या घरात सिंगल फेज लाइट आहे, २३० व्होल्टचा. पाटीवर तीन फेज किंवा ४१५ व्होल्ट लिहिलं असेल तर ती मशीन कारखान्याची आहे, घरच्या लाइटवर चालणार नाही. नुसती गुंगुं करेल आणि जळेल. अशी मशीन बरेचदा स्वस्तात सांगतात, ती का स्वस्त आहे ते यातच आलं. दुसरी गोष्ट, फेरे. आर.पी.एम.समोर २८०० च्या आसपास आकडा असतो, काही सावकाश फिरणाऱ्या मशीनवर १४०० च्या आसपास. तिसरी, ताकद. खुरप्या-इळ्यांसाठी सहा इंची चाकाची, पाव ते अर्धा हॉर्सपॉवरची मशीन पुरते. अर्धा हॉर्सपॉवर म्हणजे साधारण ३७० वॅट.

पाटी गेलेली असेल तर वायर बघा, मोटर वाइंडिंगवाल्याला सोबत न्या. पंपाच्या मोटरी भरणारा माणूस आपल्याकडे प्रत्येक मोठ्या गावात असतो, तो पाच मिनिटांत फेज सांगतो. फेरे सांगता आले नाहीत तर मशीन २८०० फेऱ्यांचीच आहे असं धरून चाक घ्यायचं, म्हणजे चूक झाली तरी सुरक्षित बाजूला होते.

मग हात लावून बघायचं. दांड्याचं टोक धरून वर-खाली हलवा. हालत असेल तर बेअरिंग गेलं. हाताने फिरवा. खरखर लागली तरी बेअरिंगच. मोटरीच्या जाळीपाशी नाक न्या. जळक्या व्हार्निशचा वास एकदा ओळखला की विसरत नाही. तो आला तर वाइंडिंग जळालेली आहे आणि भरून घ्यायचा खर्च वेगळा. झाकणं आणि टेकणपट्ट्या जागेवर आहेत का ते बघा. झाकण नसलेली मशीन घेऊ नका, कारण नेमकं त्या मापाचं झाकण पुन्हा मिळत नाही.

विकणारा म्हणेल, चालू करून दाखवतो. त्याला सांगा, आधी दोन्ही चाकं काढ. हे सांगायला लाजू नका. कारण सांगते. सहा इंची चाकाचा घेर साधारण ४७ सेंटिमीटर. मिनिटाला २८०० फेरे म्हणजे चाकाची कड ताशी जवळपास ८० किलोमीटरच्या वेगाने पळते. एस.टी. हायवेला पळते तसं. भंगारात पडलेलं चाक किती वेळा आपटलं, कोणालाच माहीत नसतं. त्याला केसाएवढी चीर असेल तर ते त्या वेगात फुटतं, आणि तुकडे समोर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीच्या, तोंडाच्या उंचीवर येतात. या सगळ्या मशीनमधे जिवावर बेतणारी गोष्ट हीच आहे, बाकीचं सगळं खर्चाचं आहे.

चाकाची परीक्षा आपल्याला येते. माठ घेताना आपण काय करतो? टिचकी मारून ऐकतो. चाकाचंही तेच. चाक कोरडं आणि स्वच्छ पाहिजे. मधल्या भोकातून बोट किंवा पेचकस घालून ते लटकवायचं, आणि लाकडी मुठीने हलकं ठोकायचं. ठोकायची जागा कडेपासून एक-दोन इंच आत, आणि चाकाच्या सरळ उभ्या रेघेवर नाही, तिच्या थोडी उजवीकडे किंवा डावीकडे. मग चाक थोडं फिरवून पुन्हा ठोकायचं. खणखणीत आवाज आला तर चाक चांगलं. भद्द आवाज आला तर चीर आहे. ते चाक फेकायचं, आणि फेकण्याआधी हातोड्याने फोडायचं, नाहीतर उद्या कोणाचं पोर ते उचलून आणेल. चाकात तेल मुरलं असेल, कड तुटली असेल, तरी नको. मला विचाराल तर भंगारातल्या मशीनची चाकं पारखत बसण्यापेक्षा दोन्ही नवीच घ्यावी. आणि नव्या चाकालाही ही माठाची परीक्षा करावी, कारण तेही एस.टी.च्या टपावरून आलेलं असू शकतं.

नवं चाक घेताना त्यावरचा कागद वाचा. त्यावर जास्तीत जास्त फेरे छापलेले असतात. तो आकडा मशीनच्या फेऱ्यांपेक्षा मोठाच पाहिजे. ए ६० असं काही लिहिलेलं असतं. ए म्हणजे लोखंड-पोलादासाठीचा दगड, ६० म्हणजे दाणा. आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक. आपल्याला एका बाजूला ३६ आणि दुसऱ्या बाजूला ६० किंवा ८० चालतो. हिरवं चाक दुकानदाराने दिलं तर परत करा, ते पोलादी हत्यारासाठी नाही. ही चाकं आपल्याच महाराष्ट्रात बनतात हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. उरणजवळ मोरा इथे १९४१ साली ग्राइंडवेल कंपनीची सुरुवात झाली, ती आज ग्राइंडवेल नॉर्टन म्हणून ओळखली जाते.

आता मशीन खोलायची. प्लग काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. चाकाचा नट खोलताना पुष्कळ जण फसतात. उजव्या हाताचा नट नेहमीसारखा सुटतो, पण डाव्या हाताचा उलट्या आट्याचा असतो. ताकद लावून चुकीकडे ओढला की आटे जातात. लक्षात ठेवायची सोपी खूण अशी : चाक चालू असताना ज्या दिशेला फिरतं, म्हणजे वरून आपल्याकडे, त्याच दिशेला नट फिरवला की दोन्ही बाजूंचा सुटतो. गंजला असेल तर रात्रभर रॉकेल सोडून ठेवा. चाक हातात धरून पान्हा लावावा, पेचकस अडकवून नाही.

बेअरिंग बदलणं अवघड नाही, पण ते मोटरवाल्याकडूनच करून घ्या. बेअरिंगच्या कड्यावर नंबर कोरलेला असतो, जसं ६२०२. तो वहीत लिहून घ्या, पुढच्या वेळी शोधत बसावं लागत नाही. मोटर नुसती गुंगुं करत असेल आणि फिरत नसेल, तर बरेचदा कंडेन्सर गेलेला असतो. तो स्वस्त असतो. पण स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात करंट राहतो. वायर नवी, तीन तारांची घाला. तिसरी तार मशीनच्या लोखंडी अंगाला जोडलेली पाहिजे आणि घरातल्या बोर्डाला खरंच अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. कित्येक घरांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. झाकणं, पट्ट्या तारेच्या ब्रशने घासून रंगवल्या की मशीन नवी दिसते, त्यात गटातल्या पोरींना मजाही येते.

चाक बसवताना दोन्ही बाजूंना सारख्याच आकाराचे मोठे लोखंडी वॉशर लागतात. सहा इंची चाकाला निदान दोन इंचाचे. चाकावर चिकटवलेला गोल कागद काढायचा नाही. तो शोभेचा नाही, लोखंड आणि दगड यांच्यामधली गादी आहे. भोक दांड्यावर सहज बसलं पाहिजे. घट्ट होतं म्हणून कानशीने मोठं करू नका, आणि ढिलं असेल तर कागद कोंबू नका. त्या मापाचा बुश मिळतो. नट बेताने आवळा. टेकणपट्टी चाकापासून ३ मिलिमीटरपेक्षा लांब नको, म्हणजे साधारण दोन रुपयांच्या नाण्याच्या जाडीच्या दीडपट. जास्त फट राहिली की इळ्याचं टोक आत ओढलं जातं आणि मागून हात. चाक झिजेल तशी पट्टी पुढे सरकवत राहायची, मशीन बंद करून.

पहिल्यांदा चालू करताना बाजूला उभं राहायचं, आणि निदान एक मिनिट समोर कोणी नको. मशीन टेबलाला बोल्टने पक्की केलेली पाहिजे. डोळ्यांना चष्मा, बाजूने बंद असलेला. पदर कमरेला खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणीचा अंबाडा घाला, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत. हातमोजे मात्र घालायचे नाहीत, ते चाकात ओढले जातात. आणि आपल्या वऱ्हाडाची खास गोष्ट : दिवाळीनंतर घराघरांत कापूस भरलेला असतो, गोठ्यात कुटार असतं. चाकाची ठिणगी दोन-तीन हात लांब उडते. त्या खोलीत, त्या गोठ्यात ही मशीन लावायची नाही. मोकळ्या ओसरीत, खाली माती, जवळ पाण्याची बादली.

धार लावताना आधीचा उतार तसाच ठेवा आणि ज्या बाजूला उतार आहे त्याच बाजूने लावा. हत्यार एका जागी दाबून धरू नका, सरकवत राहा, आणि पाण्यात बुडवत राहा. कड निळी पडली की समजा पाणी उतरलं. घिसाड्याने जे पाणी दिलं होतं ते गेलं, आता ती कड मऊ झाली, वावरात दोन तासांत बोथट होईल. निळं झालेलं घासून काढण्याशिवाय उपाय नाही. शेवटी मागच्या बाजूला नखाला लागणारी बारीक कोर हाताच्या दगडाने काढा. पितळ, अॅल्युमिनियम घासू नका, चाकाचे दाणे बुजतात. बुजलेलं किंवा खड्डे पडलेलं चाक ड्रेसरने उजळतात. जात्याला टाकी लावतो ना, तसंच.

मागच्या कार्यक्रमानंतर आलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं देते. एका ताईंनी विचारलं, गवंड्याकडे असते ती हातातली कटर मशीन उलटी बांधून तिला हे चाक लावलं तर? अजिबात नको. ती चार इंची मशीन मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेते, हे चाक तिच्यावर फुटेलच. दुसऱ्या ताई विचारतात, वैभव इळ्याला धार लावायची का? नाही. त्याला करवतीसारखे दाते असतात, मशीनवर ते घासून जातील. असे इळे वेगळे ठेवा, गिऱ्हाइकाचे आले तरी परत द्या.

सोंगणी संपली की चाकं कोरडी करून मशीन पोत्याने झाकून ठेवा, ओल लागेल अशा भिंतीपाशी नको. निंदणीच्या आधी पुन्हा बाहेर काढाल तेव्हा चाकं उतरवून टिचकी मारून ऐका, मगच प्लग लावा.