कॉइलओव्हर : थोडक्यात

• कॉइलओव्हर : स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बरचा एकत्र संच. आट्यांवरची कडी फिरवून गाडीची उंची ठरते.

• डॅम्पिंग : स्प्रिंगच्या हालचालीला लावलेला लगाम. दबताना ‘कम्प्रेशन’, उसळताना ‘रीबाउंड’.

• जुळवणीचा क्रम : आधी उंची, मग व्हील अलाइनमेंट, शेवटी डॅम्पिंग. एकाच अ‍ॅक्सलवर डाव्या-उजव्या बाजूच्या डॅम्पिंग-नॉबचे क्लिक सारखे.

• घरी काम करताना : गाडी सपाट जागी, जॅक स्टँडवर. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नये. दाबलेली स्प्रिंग ‘स्प्रिंग कम्प्रेसर’शिवाय सोडू नये.

• कायदा : भारतात कुठेही मोटार वाहन कायदा, १९८८ लागू. कलम ५२ : उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई. कलम १८२अ (२०१९ची दुरुस्ती) : मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.