पंजा सुजला केव्हा, औषध दिलं केव्हा?

आषाढात मावळात भातलावणी सुरू झाली की चिखलापाण्यात बोटं आखडणारच, असं सगळे धरून चालतात. पण दोन्ही हातांची पेरं सुजून रोज सकाळी तासभर मूठ वळत नसेल, तर पावसाला दोष देऊन भागत नाही; तो आमवात असू शकतो. आमवातात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. ती का उलटते, हे पाहायला माणसाच्या लसिका ग्रंथी आणि प्लीहा कापून बघता येत नाहीत, म्हणून प्रयोगशाळेत उंदीर येतो. डीबीए/१ जातीच्या उंदराच्या शेपटीच्या बुडाशी गाईच्या कूर्चेतलं कोलॅजन टोचतात, तीन आठवड्यांनी पुन्हा टोचतात. मग पंजे सुजू लागतात. प्रत्येक पंजाला शून्य ते चार गुण. कॅलिपरने जाडी मोजता येते, पण सकाळचा आखडलेपणा उंदीर सांगत नाही.

‘उंदराला बरं वाटलं, आम्हाला काय?’ हा आक्षेप रास्तच आहे. त्यावर माझी कसोटी एकच: औषध पंजा सुजण्याआधी दिलं की नंतर? रुग्ण दवाखान्यात येतो तो सूज आल्यावरच. लंडनमध्ये १९९२ साली टीएनएफ या प्रथिनाला अडवणारं प्रतिपिंड सूज आलेल्या उंदरांनाही लागू पडलं, त्याच वर्षी टीएनएफ अडवणारं तसंच प्रतिपिंड रुग्णांना दिलं गेलं आणि आमवाताचे उपचारच पालटले. पुण्यात एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेत डॉ. मोहन वाणी यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की आयएल-३ हे प्रथिन सुरुवातीआधी किंवा नंतर दिलं तरी उंदरांचा आजार सौम्य होतो, कारण यंत्रणेला आवर घालणाऱ्या, कमी झालेल्या टी-पेशी पुन्हा भरून येतात. तरीही आयएल-३ आज आमवाताचं औषध नाही. म्हणजे ही कसोटी आवश्यक आहे, पुरेशी नाही. आयएल-१७ हे प्रथिन अडवूनही उंदीर सुधारले. माणसांच्या आमवातात ते अडवणारं औषध फिकं पडलं, सोरायसिसच्या संधिवातात मात्र कामी आलं. उंदराचा आजार काही आठवड्यांत विझतो, माणसाचा वर्षानुवर्षं धुमसतो. शिवाय हा आजार बायकांत जास्त, आणि या प्रयोगांत बहुधा नर उंदीर! उंदीर यंत्रणा कशी बिघडते ते दाखवतो. उपचाराची हमी देत नाही.

तेव्हा ‘उंदरांवर यशस्वी’ अशा बातमीवर विसंबून कुणी चालू गोळ्या थांबवू नयेत. आणि सहा आठवड्यांहून जास्त काळ पेरं सुजलेली असतील, तर लावणी उरकण्याची वाट न पाहता संधिवाततज्ज्ञाला दाखवावं.