संकेतांक म्हणजे निदान नव्हे

ऑईल इंजिनांच्या काळात कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगराने एक लौकिक मिळविला. इंजिनाचा आवाज, धुराचा रंग आणि हाताला जाणवणारी थरथर यांवरून रोग ओळखणारे मिस्त्री येथे घडले. त्यांच्या वारसांपुढे आज येणारी मोटार आपले दुखणे स्वतःच आकड्यांत सांगते. चालकासमोर पिवळा दिवा लागतो, सोळा पिनांच्या खोबणीत यंत्र जोडले की ‘पी ०१७१’ असा संकेतांक उमटतो, आणि निदान झाले असे मानून सुटा भाग बदलला जातो. ही समजूत गाडीमालकाच्या खिशाला आणि मिस्त्रीच्या विद्येला सारखीच घातक आहे.

ही व्यवस्था जन्मली ती हवेच्या रक्षणासाठी. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या गाड्यांपासून ती सक्तीची केली, १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत तिचे एकच प्रमाणित रूप आले, आणि आपल्याकडे २०१० व २०१३ अशा दोन टप्प्यांत ती लागू झाली. म्हणूनच संगणकाचे लक्ष मुख्यतः प्रदूषण वाढविणाऱ्या बिघाडांवर असते. तो लक्षण नोंदवितो. कारण शोधणे माणसाकडेच राहते.

‘पी ०१७१’ याचा अर्थ इतकाच, की इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. ही बातमी देणारा ऑक्सिजन सेन्सरच पुष्कळदा दोषी ठरवून बदलला जातो. म्हणजे वर्दी देणाऱ्यालाच कोठडीत टाकण्याचा प्रकार! खरे कारण हवेच्या नळीची बारीक चीर, हवा मोजणाऱ्या सेन्सरवरील मळ किंवा थकलेला इंधनपंप यांपैकी कोणतेही असू शकते. जाणता मिस्त्री यंत्रावरील चालू आकडे पाहतो. संगणक इंधनात करीत असलेली वाढ इंजिन संथ असता जास्त आणि वेग वाढविताच कमी होत असेल, तर बाहेरची हवा आत शिरत असल्याचा संशय बळावतो; भार वाढेल तशी ती वाढत गेली, तर इंधनपुरवठा तपासावा लागतो. संकेतांक उमटला त्या क्षणीचे तापमान, वेग व भार यांचीही नोंद संगणक ठेवतो. घाईने संकेतांक पुसला की हा पुरावाही नाहीसा होतो. दिवा लुकलुकत असेल, तर मात्र मालकाने गाडी दामटू नये. न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणारे महागडे पात्र जाळू शकते.

परंतु साऱ्या दोषाचे खापर मिस्त्रीच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल. ‘पी ०’ने आरंभ होणारे संकेतांक सर्व कंपन्यांना समान असतात; ‘पी १’चे मात्र ज्या त्या कंपनीचे स्वतःचे. त्यांचा अर्थ, विजेच्या जोडणीचे नकाशे आणि तपासाची पद्धत कंपनीने दडवून ठेवली, तर रस्त्यावरच्या गॅरेजने करावे काय? भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना दंड ठोठावला, आणि सुटे भाग व निदानाची साधने स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांनाही मिळाली पाहिजेत असे बजावले. कंपन्यांनी त्या निर्णयाला आव्हान दिले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तरीही कागदावरचा हक्क गॅरेजच्या दारापर्यंत आपोआप चालत येत नसतो.

सहकाराचा धडा कोल्हापूरला बाहेरून शिकण्याची गरज नाही. एकेका गॅरेजला न परवडणारी यंत्रे आणि माहितीची वर्गणी गॅरेजमालकांनी एकत्र येऊन घ्यावी; औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी संकेतांक वाचण्याबरोबरच त्याची उलटतपासणी घेण्यास शिकवावे. ग्राहकानेही तपासाच्या वेळेची मजुरी आनंदाने द्यावी. तपासाला मोल मिळाले नाही, तर सुटे भाग बदलण्यालाच दुरुस्ती म्हटले जाईल, आणि उद्यमनगराने पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली पारख अकारण लयाला जाईल.