दोन सूत

संपादकांनी दिलेला विषय स्पोर्ट्स कारचा होता. अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेट ही गाडी १९५३ साली आली. तिची बॉडी फायबरग्लासची, तिला गंज चढत नाही. खालची चॅसिस मात्र पोलादी, ती सडते. १९६३ ते १९८२ एवढ्या काळात बॉडीचा घाट बदलला, पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ९८ इंचच राहिलं. म्हणून तिकडचे शौकीन एका सालची बॉडी उचलून दुसऱ्या सालच्या चॅसिसवर बसवतात. असं काम आपल्याकडे कोण करतं, एवढं शोधून या, असं मला सांगितलं होतं. मला लगेच जीप आठवली, आणि जीप आठवली म्हणून मी पालघर जिल्ह्यातल्या बोईसरला गेले.

महिंद्रांनी माझगावात पहिली जीप जोडली ती १९४९ साली. विलीज कंपनीच्या परवान्यावर सुरू झालेलं हे काम पुढे अनेक दशकं चाललं. उंच बोनेटची सीजे-३बी आली, नंतर ऐंशीच्या दशकात प्युजोच्या डिझेल इंजिनाची एमएम ५४० आली. पालघर जिल्ह्यात या गाड्यांनी काय नाही केलं! जव्हार-मोखाड्याच्या घाटात माणसं वाहिली, सातपाटीच्या बंदरावरून पापलेटच्या पेट्या वाहिल्या. त्या पेट्यांतलं बर्फाचं खारट पाणी गाडीच्या मागच्या आडव्या पट्टीवर वर्षानुवर्षं ठिबकत राहिलं. वरून खाडीची हवा, आणि तारापूर एमआयडीसीच्या बाजूला राहणाऱ्याच्या गाडीला रासायनिक कारखान्यांची हवा.

चिंचणी रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये मला मिस्त्री भेटले. साठीच्या पुढचे, बोलायला कमी. समोर स्टँडवर एक जीप होती, हिरव्या रंगात चकचकीत. मी तिचं कौतुक करू लागले तसे म्हणाले, "ताई, रंगाकडे बघू नका, खाली वाका." मी वाकले. त्यांनी छोटी हातोडी घेऊन चासीच्या रेलवर ठोकत पुढून मागे जायला सुरुवात केली. (चॅसिसला शेडमध्ये कुणी चॅसिस म्हणत नाही, चासीच म्हणतात.) पुढे ठण, ठण असा खणखणीत आवाज येत होता. मागच्या पाट्याच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, हँगरपाशी तो अचानक बसला. ओल्या लाकडावर ठोकल्यासारखा. त्यांनी पेचकस टेकवला आणि लोखंडाचे पापुद्रे त्यांच्या तळहातावर पडले, शिळ्या खारीसारखे. दोन पत्रे एकावर एक जिथे रिव्हेट केलेले असतात तिथेच हे होतं. मधल्या फटीत चिखल शिरतो आणि तो कधीच वाळत नाही.

जीपची बॉडी नवी मिळते. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या मंडी डबवालीत ती घडवून देतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुने सुटे भाग मिळतात. अडतं ते चासीशी. जुन्या गाडीसाठी दुसऱ्या सालची चासी आणली तर ती सरळ बसत नाही. सीजे-३बीचं चाकांमधलं अंतर ८० इंच, एमएम ५४०चं ९१. अकरा इंचांच्या फरकाने प्रोपेलर शाफ्ट तोकडा पडतो, बॉडीची भोकं सरकतात, ब्रेकच्या नळ्या पुरत नाहीत. अंतर सारखं असलं तरी सुटका नाही. पेट्रोलच्या हरिकेन इंजिनासाठी केलेले आधार डिझेल इंजिनाला जुळत नाहीत, ते कापून नव्या जागी जोडावे लागतात. आणि जोडणं म्हणजे वेल्डिंग. तिथे ते लोखंड मिस्त्रींशी भांडायला लागतं.

हे भांडण मी दोन दिवस पाहिलं. चासी चार स्टँडवर ठेवलेली. पाट्यांच्या चार पिनांमधून चार ओळंबे खाली सोडलेले. प्रत्येक ओळंब्याच्या टोकाखाली जमिनीवर खडूने फुली. मग चासी बाजूला सारायची आणि फुल्यांमधले दोन्ही कर्ण टेपने मोजायचे. दोन्ही सारखे आले तर चासी चौकोनात आहे. नाही आले तर तिला सरक आली आहे. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. मिस्त्री एका सुतापर्यंत सोडतात. त्या दिवशी दोन सूत आले.

दोन सूत म्हणजे पाव इंच. एवढ्याशा फरकाने काय होतं, असं मी विचारलं. मागचा अक्सल पुढच्याशी समांतर राहत नाही, गाडी एका अंगाने पळते, टायर एका बाजूने झिजतो आणि चालवणारा आयुष्यभर स्टेअरिंगला दोष देतो, असं उत्तर आलं. आदल्या दिवशी शेडमधल्या पोऱ्याने एकाच बाजूला सलग टाके मारले होते. तापलेलं लोखंड निवताना आखडलं आणि रेल ओढली गेली. मिस्त्री पोऱ्यावर चिडले नाहीत. ग्राइंडर लावून टाके कापले, चासी मोकळी केली, मग स्वतः बसले. एक टाका डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये हात लावता येईल इतकं निवू द्यायचं. संध्याकाळपर्यंत त्यांनी एवढंच केलं. शेवटचं माप रात्री घ्यायला ते तयार नव्हते. सकाळच्या गार लोखंडावर घेतलेलं माप खरं, असा त्यांचा नियम आहे. सकाळी दोन्ही कर्ण सारखे आले. मला जो आनंद झाला तो लपवता आला नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी मला दाखवली. चासीची रेल इंग्रजी सी अक्षरासारखी, एका बाजूने उघडी असते. बऱ्याच हौशी लोकांना ती बंद पेटीसारखी करून भक्कम करायची असते. मिस्त्री नको म्हणतात. खड्ड्यात एक चाक वर गेलं की चासीला पिळवटायला जागा हवी. मधली बाजू कडक केली तर तोच ताण बंद केलेल्या भागाच्या टोकाला जाऊन साचतो आणि तिथे चीर पडते. अशी चिरलेली एक रेल त्यांनी शेडच्या कोपऱ्यात मुद्दाम ठेवली आहे.

पण माझी खरी काळजी नंबरची आहे. कायद्याच्या नजरेत गाडीची ओळख चासीवर कोरलेल्या क्रमांकाने होते; बॉडी बदलली, दिवे बदलले, रंग बदलला, तरी तो क्रमांक तोच असावा लागतो. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर पासिंगला गेलं की त्या क्रमांकावर कागद धरून पेन्सिल घासतात आणि छाप घेतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या कागदावरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. हा कडकपणा मला पटतो. चोरीच्या गाड्या खपवायचा जुना मार्ग हाच आहे: एकीचा नंबर कापून दुसरीवर जोडायचा. मिस्त्रींकडेही अशी माणसं येतात. ती आली की ते हातातलं काम खाली ठेवून शेडबाहेर उभे राहतात, माणूस जाईपर्यंत.

अडकतो तो प्रामाणिक मालक. वडिलांची जीप त्याला मोडीत घालायची नसते. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमाने ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू लागली, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. त्यात अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. किनाऱ्यावरच्या जीपने ही अट कशी पाळायची? जी चासी बदलली नाही ती सडली. जी बदलली ती नियमाबाहेर गेली. नियम लिहिणाऱ्यांनी एकदा सातपाटीच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या गाडीखाली हातोडी ठोकून पाहावी, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून हल्ली मिस्त्री अख्खी चासी शक्यतो बदलत नाहीत. मूळ चासी ठेवतात आणि सडलेला तुकडा कापून तिथे त्याच जाडीच्या पत्र्याची पट्टी घडवून बसवतात. यात वेळ तिप्पट लागतो, मजुरी तेवढी मिळत नाही. त्या हिरव्या जीपचंही असंच ठरलं. तिच्या क्रमांकातला एक आकडा गंजाने खाल्ला आहे. तीन आहे की आठ, ते नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. मालकाने जुनं नोंदणीपुस्तक आणून दाखवलं, त्यात आठ आहे. मिस्त्रींनी त्या जागी ग्राइंडर लावला नाही, तारेचा ब्रशही नाही. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने हलकेच पुसलं, मालकाला आणि मला पेन्सिलीने एकेक छाप काढायला लावला. माझ्या कागदावर आठच्या डाव्या बाजूची रेघ पुसट का होईना, उमटली.

मग चासीला रंग मारताना क्रमांकाची तेवढी बोटभर जागा त्यांनी कोरडी सोडली, तिथे ग्रीस चोपडलं, वर टायरच्या ट्यूबचा तुकडा ठेवला आणि तारेने बांधला.