तराजूतून परत आलेलं विमान



मागच्या महिन्यात आमच्या नामपूरच्या गटाच्या बैठकीला एक ताई पिशवीत विमान घेऊन आल्या. दीड वीत लांबीचं, हाताला जड, खिडक्यांभोवती राजवाड्याच्या झरोक्यांसारख्या लाल कमानी. त्यांचे सासरे मुंबईला विमानतळावर नोकरीला होते. निवृत्त होताना त्यांनी ते घरी आणलं होतं. आता सासरे नाहीत. घर आवरताना भंगारवाल्यानं विमान तराजूत टाकलं आणि ताईंनी ते परत उचललं. "ठेवू का देऊन टाकू?" असं त्यांनी आम्हाला विचारलं. त्यासाठी आम्ही जी माहिती काढली, ती आज तुम्हाला सांगतो.

आधी आम्ही विमान उलटं केलं. पोटावर १:२०० असं छापलेलं होतं. म्हणजे या विमानाचा १ सेंटीमीटर हा खऱ्या विमानाचे २०० सेंटीमीटर, म्हणजे २ मीटर. गावनकाशात शेत लहान दिसतं, पण बांधांचं एकमेकांशी माप तेच राहतं ना, तसंच हे. म्हणून याला खेळणं न म्हणता प्रतिकृती म्हणतात. मागचा आकडा जितका मोठा, तितकी प्रतिकृती लहान. हेच विमान १:४०० मध्ये जेमतेम १८ सेंटीमीटरचं भरेल.

आमच्या विमानाची लांबी भरली ३५ सेंटीमीटर. म्हणजे खरं विमान ७० मीटर! विश्वास बसेना, म्हणून शाळेच्या मैदानावर दोरी धरली. लांबी ७० मीटर आणि पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ६० मीटर. दोरीच्या दोन टोकांना उभ्या राहिलेल्या मुलींना एकमेकींचं बोलणं ऐकू येईना.

हे बोइंग ७४७, म्हणजे आपण ज्याला जंबो जेट म्हणतो ते. त्याचं पहिलं उड्डाण १९६९ साली झालं. एअर इंडियाचं पहिलं जंबो १९७१ मध्ये मुंबईत उतरलं. त्याचं नाव एम्परर अशोक, म्हणजे सम्राट अशोक. आमच्या प्रतिकृतीच्या नाकाजवळ तेच नाव बारीक अक्षरांत निघालं. मोबाईलनं फोटो मोठा करून एका मुलीनं ते वाचलं.

पुढची हकिगत वाईट आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री हेच विमान मुंबईहून दुबईला निघालं आणि थोड्याच वेळात समुद्रात कोसळलं. आतले २१३ जण गेले, एकही वाचला नाही. हे कळल्यावर बैठकीत कुणी बोललं नाही. सासरे ते विमान दर रविवारी स्वतः पुसायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, हे ताईंना तेव्हा आठवलं.

बोइंगनं आता ७४७ बनवणं बंद केलं आहे. एअर इंडियाचं जंबोही आता उडत नाही. म्हणून अशा जुन्या प्रतिकृती जमवणारे लोक त्यांना जपतात, विकत घेतात. बऱ्याच प्रतिकृती जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. वितळलेला धातू दाबानं पोलादी साच्यात भरतात, मग रंग देऊन अक्षरं छापतात. काही प्लास्टिकच्याही असतात. भंगारात फक्त धातूचं वजन धरलं जातं. जमवणारा मात्र रंग, नाव, चाकं, स्टँड आणि मूळ खोका बघतो.

तुमच्या घरी असं काही असेल तर एवढं करा. राखेनं किंवा तारेच्या घासणीनं घासू नका, मऊ ब्रशनं धूळ झाडा. नवा रंग देऊ नका. उन्हात ठेवू नका. सुटे भाग बारीक असतात, लहान बाळांच्या हाती देऊ नका. विकायचंच असेल तर दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. कुणी आधी पैसे भरा म्हणालं किंवा फोनवर ओटीपी मागितला, तर सरळ नाही म्हणा.

ताईंनी विमान विकलं नाही. सासऱ्यांच्या फोटोखालच्या फळीवर ते ठेवलंय. शेजारी एका चिठ्ठीवर विमानाचं नाव, साल आणि सासऱ्यांचं नाव नातीनं लिहिलंय. दर रविवारी आता ते नातच पुसते.

पुढच्या वेळी घर आवराल, तेव्हा जुनी वस्तू तराजूत जाण्याआधी एकदा उलटी करून बघा.